कर्नल ॲन्स्लींची जोडी

मॉर्वेना पेनहेल यांनी शब्द दिला, तेव्हा त्याची किंमत एवढी होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. मार्चचा पहिला आठवडा होता. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहातल्या चहाच्या खोलीत सरकार पक्षाचे लोक एका टोकाला बसतात आणि विरोधी दुसऱ्या टोकाला. कोणाला पलीकडच्याशी बोलायचं असेल तर दारातच बोलून घेतात. सरकार पक्षाचे कर्नल रॉडरिक ॲन्स्ली दारात उभे होते. हातातल्या बशीत मनुकांचा भाजलेला बन होता.

"मॉर्वेना, महिनाअखेरच्या आठवड्यात माझ्याशी जोडी लावशील का?"

"का? मासे धरायला निघालात?"

"छाती उघडून घ्यायला. तीन नळ्या बदलायच्या आहेत म्हणे. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा दिसतो, पण हात स्थिर आहे."

पेनहेलबाईंनी हात पुढे केला. कर्नलनी बशी डाव्या हातात घेतली आणि तो धरला. मग बनचा अर्धा तुकडा मोडून त्यांना दिला. एवढंच झालं.

जोडी म्हणजे विरुद्ध बाजूच्या दोन सदस्यांचा आपसातला करार. एकाला येता आलं नाही, तर दुसऱ्यानेही त्या दिवशी मत द्यायचं नाही, म्हणजे तराजू होता तिथे राहतो. याला कायदा नाही, दंड नाही. दोन्ही पक्षांच्या प्रतोदांच्या वह्यांत नावं लिहिली जातात आणि बाकी सगळं हस्तांदोलनावर चालतं. आजाऱ्यांनी आपलं मत दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची नवी सोय आता आहे, पण कर्नलना ती पसंत नव्हती. आपलं मत दुसऱ्याच्या खिशात ठेवून आपण झोपायचं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

पेनहेलबाई विरोधी पक्षातल्या, कॉर्नवॉलच्या. संसदेत येण्याआधी त्या वीस वर्षं एका बँकेत होत्या. खातं उघडायला आलेला माणूस खरोखर तोच आहे की नाही, हे तपासण्याचं त्यांचं काम होतं. वय एकसष्ट, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज कधी चढत नाही. सहा वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे होत्या. या देशात कोणीही लांबच्या बेटावर एक कागदी कंपनी काढतो, त्या कंपनीच्या नावाने घर, जमीन, बंदराचा धक्का विकत घेतो आणि आपलं नाव कुठेही लागू देत नाही. खरा मालक कोण हे सांगण्याची सक्ती करा, असं त्या दर अधिवेशनात मांडत. दर अधिवेशनात त्यांना उत्तर मिळे की विषय महत्त्वाचा आहे आणि सरकार विचार करत आहे.

मग युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि विचार करायला वेळ उरला नाही. सरकारने घाईने विधेयक आणलं. त्यात मालकाचं नाव सांगण्याची सक्ती होती, पण मुदत होती सहा महिन्यांची. पेनहेलबाईंनी दुरुस्ती दिली: मुदत अठ्ठावीस दिवस, आणि तोवर ती मालमत्ता विकता येणार नाही. सरकार पक्षातले काही जण त्यांच्या बाजूने फुटले होते. मतविभागणी कधी घ्यायची हे बुधवारी संध्याकाळी ठरलं. गुरुवारी, दुपारी चारनंतर.

त्याच गुरुवारी एक वाजता कर्नल ॲन्स्लींना शस्त्रक्रियेसाठी आत नेणार होते.

सकाळी साडेदहाला विरोधी पक्षाचे प्रतोद डोनल मॅकअव्हॉय वही घेऊन पेनहेलबाईंच्या खोलीत आले. ग्लासगोच्या गोदीत वाढलेला माणूस. त्यांना हळू बोलता येतं की नाही, हे आम्हा वार्ताहरांना अजून कळलेलं नाही.

"रात्रभर मोजतोय. दोनशे एक्याऐंशी तिकडे, दोनशे ब्याऐंशी इकडे. त्या ब्याऐंशीत तू आहेस."

"मी नाही, डोनल. तुझ्याच वहीत लिहिलंय. ॲन्स्लींशी माझी जोडी आहे."

"ते पान फाटलंय."

"मग फेदरस्टनच्या वहीत असेल." गाय फेदरस्टन हे सरकार पक्षाचे प्रतोद.

मॅकअव्हॉय खुर्चीत बसले. "हे बघ, कलम तुझं. सहा वर्षं आम्हाला छळलंस त्याच्यापायी. आणि आज एक मत कमी पडतंय ते तुझंच? तिकडे शहरं जळतायत, आणि तू चहाच्या दारातला हात धरून बसलीस. तुझ्या या सभ्यपणाचं काय लोणचं घालायचंय?"

"आज मी मोडली, तर उद्या त्यांच्यातल्या आजारी माणसाला आपल्यातलं कोणी जोडी देणार नाही. आपल्यालाही ते देणार नाहीत. मग काय, माणसं ॲम्ब्युलन्समधून आणायची?"

"पूर्वी आणायचे."

"त्यातला एक दारातच गेला होता. तूच सांगतोस ना ती गोष्ट, प्रत्येक पार्टीत?"

मॅकअव्हॉयनी वही मिटली. "त्यांना फोन कर," ते म्हणाले. "जोडीतून सोडणं फक्त त्यांच्या हातात आहे. माणूस चांगला आहे. माग, देतील."

संसदेच्या नदीकाठच्या गच्चीवरून पलीकडचं हॉस्पिटल दिसतं. साडेअकराला पेनहेलबाई तिथे उभ्या राहिल्या आणि फोन लावला. पुढचं संभाषण मला नंतर दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि ते शब्दाला शब्द जुळलं.

"कर्नल, मी मॉर्वेना. कसं वाटतंय?"

"भूक लागलीय. काल रात्रीपासून उपास. समोरचा पेशंट सुटला, त्याने जाताना माझ्यासमोर बिस्किटं खाल्ली. असली माणसं आमच्या पक्षात का नाहीत असं वाटून गेलं."

"घाबरलात?"

"थोडा. पोरीने फोन, पेपर सगळं काढून घेतलंय. रक्तदाब म्हणे. हा फोन नर्सचा आहे, तिला सांगू नकोस की मी घाबरलो म्हणालो. तिकडे काय चाललंय?"

पेनहेलबाईंनी नदीकडे पाहिलं. एक वाळूची बोट पुलाखालून येत होती.

"नेहमीचंच," त्या म्हणाल्या.

"मग झोपतो निवांत."

"झोपा. उठल्यावर बन आणते."

फोन ठेवून त्या वर आल्या. मॅकअव्हॉय जिन्यात वाट पाहत होते. त्यांनी चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. हा त्यांच्या आयुष्यातला दुर्मीळ प्रसंग असावा.

कर्नलना विचारलं असतं, तर त्यांनी नक्की सोडलं असतं, याची पेनहेलबाईंना खात्री होती. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. दीड तासाने ज्याची छाती उघडायची आहे, त्या माणसाला आपल्याच सरकारच्या पराभवाला हातभार लावायला सांगायचं, तेही तो नाही म्हणू शकणार नाही हे ठाऊक असताना, हे त्यांना मागणं वाटत नव्हतं. कर्नल एकोणीस वर्षं संसदेत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही पक्षाविरुद्ध मत दिलं नव्हतं.

चर्चा दोनला सुरू झाली. सभागृह भरलेलं होतं. निम्म्या कोटांवर युक्रेनच्या निळ्या-पिवळ्या फिती होत्या. मंत्री फिलिपा स्टॅनहोप यांनी सरकारची बाजू नीट मांडली, हे सांगितलं पाहिजे. घाईत केलेला कायदा कोर्टात पहिल्याच सुनावणीत पडतो, त्या म्हणाल्या. प्रामाणिक मालकांनाही कागद जमवायला वेळ लागतो. पैसा भित्रा असतो, एकदा पळाला की हाका मारून परत येत नाही, आणि तो पळाला तर त्याच्यामागे या शहरातल्या साध्या माणसांच्या नोकऱ्या जातात.

पेनहेलबाई तीन वाजून वीस मिनिटांनी उठल्या. हातात एकच कागद होता आणि त्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"माझ्या मतदारसंघात ट्रेव्हॅरिक नावाचं खेडं आहे. तिथल्या वाळूखालून चार तारा समुद्रात जातात. प्रत्येक तार माझ्या मनगटाएवढी. निम्म्या युरोपचं बोलणं, बँकांचे निरोप, सैन्याचे निरोप त्यांतून जातात. त्या वाळूला लागून एक जुनं हॉटेल आहे. चार वर्षांपूर्वी ते एका कंपनीने विकत घेतलं. तेव्हापासून तिथे एकही पाहुणा उतरलेला नाही. खिडक्यांना आतून रंग लावलाय. छपरावर मात्र नवीन खांब उभे राहिलेत. मालक कोण, हे विचारायला मी त्रेचाळीस पत्रं लिहिली."

सरकारी बाकांवरून कोणी म्हणालं, "बाईंना खोली मिळाली नाही, त्याचा राग आहे."

"खोली मागितली होती," पेनहेलबाई म्हणाल्या. "पण चावी कोणाकडे मागायची तेच कळेना."

दोन्ही बाजू हसल्या. हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या.

"त्या हॉटेलात कदाचित काहीच नसेल. एखादा लाजाळू माणूस असेल, त्याला समुद्र आवडत असेल. मंत्रीमहोदया म्हणतात, त्याला सहा महिने द्या. सहा महिन्यांत तो ते हॉटेल दुसऱ्या कंपनीला विकेल, ती तिसरीला विकेल, आणि मी पत्रं पुन्हा पहिल्यापासून लिहीन. आपण शस्त्रं पाठवतो आहोत, ते योग्यच आहे. पण आपल्या घराच्या भिंतीला लागून कोण राहतं, हे आपल्याला माहीत नाही. ज्याला लपवायचं नाही, त्याला स्वतःचं नाव आठवायला अठ्ठावीस दिवस पुरतात."

त्या बसल्या. साडेपाच मिनिटं झाली होती. मी तीस वर्षं वार्ताहरांच्या या सज्जात बसतो आहे आणि लांब भाषणं हजारांनी ऐकली आहेत. एवढ्या थोड्यात एवढं बसवलेलं भाषण ऐकल्याचं आठवत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी मतविभागणीची घंटा वाजली. होकाराचे सदस्य एका लॉबीत जातात आणि नकाराचे दुसऱ्या लॉबीत. दारं बंद व्हायला आठ मिनिटं असतात. बाकं हळूहळू रिकामी झाली. पेनहेलबाई जागेवरच बसल्या. मंत्री स्टॅनहोप जाता जाता थांबल्या.

"मॉर्वेना, येत नाहीस?"

"जोडी आहे."

"कोणाशी?"

"ॲन्स्लींशी."

स्टॅनहोप काही क्षण उभ्या राहिल्या. मग आपल्या लॉबीकडे गेल्या.

हिरव्या बाकांच्या त्या लांब रांगांत एकटी बाई बसली होती. तिने साखळीचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिच्या सहा वर्षांच्या कामाचा निकाल भिंतीपलीकडे मोजला जात होता, आणि दार तिच्या जागेपासून वीस पावलांवर होतं. दार बंद होईपर्यंत ती तिकडे वळली नाही.

मोजणारे चौघे परत आले आणि अध्यक्षांसमोर वाकले. होकार दोनशे एक्याऐंशी. नकार दोनशे एक्याऐंशी.

बरोबरी झाली की अध्यक्ष विधेयक आहे तसंच ठेवतात, ही जुनी रीत आहे. त्यांनी तसंच केलं. दुरुस्ती पडली. मॅकअव्हॉय मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांनी पेनहेलबाईंच्या शब्दाचं कौतुक केलं. ट्रेव्हॅरिकच्या हॉटेलाच्या खिडक्या बंदच होत्या.

कर्नल ॲन्स्लींना शनिवारी पेपर मिळाला. त्यांच्या मुलीने लपवून ठेवला होता, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाने दिला. दहा मिनिटांत पेनहेलबाईंचा फोन वाजला. आवाज इतका बसला होता की त्यांनी आधी ओळखलाच नाही.

"नेहमीचंच, म्हणालीस."

"कर्नल, तुम्ही बोलू नका. टाके आहेत."

"टाके छातीला आहेत, जिभेला नाहीत. तू मला विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं? मला सोडा म्हणून? तुमच्याच सरकारला हरवायला? तुम्हाला आत नेत होते, कर्नल."

"सोडायचं नाही गं. मी कुठल्या बाजूला आहे, ते."

पेनहेलबाईंना क्षणभर कळलं नाही.

"बत्तीस वर्षांपूर्वी मी जर्मनीत होतो," कर्नल म्हणाले. मध्ये मध्ये श्वासाला थांबत होते. "सिग्नलच्या तुकडीत. काम काय, तर तारा राखायच्या. तारेशेजारच्या घरात कोण राहतं, हे पहिल्या दिवशी विचारतात. सहाव्या महिन्यात नाही. तुझी दुरुस्ती आली त्याच दिवशी मी वाचली होती. तुझ्याच बाजूने मत देणार होतो."

"कोणाला बोलला नाहीत."

"एकोणीस वर्षं कोणी मला विचारलंच नाही, रॉडरिक तू कुठे. सगळ्यांना वाटतं, ठाऊक आहे."

जोडी लागते ती विरुद्ध मतांच्या माणसांची. दोघं एकाच बाजूचे असतील, तर ती जोडीच नसते, तिने कोणाला बांधता येत नाही. हे पेनहेलबाईंना सभागृहातल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षं बँकेत बसून त्यांनी कोणाचंही नाव न तपासता खातं उघडू दिलं नव्हतं. आणि इथे, एका आजारी माणसाला त्रास नको म्हणून, एक साधा प्रश्न राहून गेला होता. असली चूक करायला आधी माणूस दुसऱ्याला तेवढा जपणारा असावा लागतो.

"गाढव आहे मी," त्या म्हणाल्या.

"आपण दोघंही. फरक इतकाच, मला भूल दिलेली होती."

पण विधेयकाचा प्रवास संपला नव्हता. वरिष्ठ सभागृहाने अठ्ठावीस दिवसांचं कलम घालून ते परत पाठवलं. ते कलम काढून टाकावं, असा ठराव सरकारने मांडला आणि मतविभागणी ठरली पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. कर्नलच्या शस्त्रक्रियेला त्या दिवशी तेरा दिवस होत होते. मॅकअव्हॉयनी पुन्हा मोजलं. गुरुवारच्या भाषणाची वाहवा सगळ्यांनी केली होती, मत मात्र कोणीच बदललं नव्हतं. दोनशे एक्याऐंशी, दोनशे एक्याऐंशी. अधिक पेनहेल.

"एकावर मी झोपत नाही," मॅकअव्हॉय म्हणाले. "एखाद्याला शिंक आली तरी गेलं."

कर्नलना कोणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं. मुलीने तर दोनदा नाही म्हटलं. मत दुसऱ्याच्या हाती देण्याची नवी सोय फेदरस्टननी फोनवरून सुचवली, तेव्हा कर्नल म्हणाले, "ते मत तुझ्या हातात द्यायचं ना? मग नको. ऐकून तुझाच रक्तदाब वाढेल."

बुधवारी दुपारी साडेतीनला पुलावरून एक ॲम्ब्युलन्स आली आणि संसदेच्या अंगणात उभी राहिली. आजारी सदस्य आवारात पोचला असेल, तर त्याने लॉबीतून चालावं लागत नाही. दोन्ही बाजूंचे प्रतोद जाऊन त्याला पाहतात आणि त्याचं मत मोजणाऱ्यांना सांगतात. ही रीत वापरून बरीच वर्षं झाली होती. अंगणातल्या पोलिसालाही ती वरिष्ठांना विचारावी लागली.

घंटा वाजली तसे मॅकअव्हॉय आणि फेदरस्टन धावत खाली आले. कर्नल पाठ टेकून बसले होते. अंगावर हॉस्पिटलचा झगा, त्यावर कोट, गळ्यात रेजिमेंटचा टाय.

"जिवंत आहात ना, कर्नल?" मॅकअव्हॉय म्हणाले. "रागावू नका, नियमाने विचारावं लागतं."

"तुझं तोंड समोर बघून शंका येतेय."

फेदरस्टन पुढे झाले. "सर, एवढ्या त्रासात आलात. पंतप्रधानांना फार बरं वाटेल. म्हणजे ठरावाच्या बाजूने..."

"विरुद्ध, गाय."

"सर?"

"ठरावाच्या विरुद्ध. बाईंच्या कलमाच्या बाजूने. लिहून घे, मी हळूच बोलतो."

फेदरस्टननी लिहून घेतलं. त्यांना नाकारता आलं असतं, कारण दोन्ही प्रतोदांच्या संमतीशिवाय असं मत धरत नाहीत. त्यांनी नाकारलं नाही. वहीचं पान मॅकअव्हॉयना दाखवलं आणि दोघं बरोबरच जिना चढले. पेनहेलबाईंनी तेरा दिवसांपूर्वी जो परस्परांवरचा विश्वास राखला होता, त्याचाच हा भाग होता, असं मला वाटतं.

निकाल चारला सात मिनिटं कमी असताना आला. ठरावाच्या बाजूने दोनशे एक्याऐंशी, विरुद्ध दोनशे त्र्याऐंशी. अठ्ठावीस दिवस कायद्यात राहिले. विरोधी बाकांवर कागद हलले. मंत्री स्टॅनहोप यांनी मान किंचित झुकवली, नक्की कोणाकडे ते सज्जातून दिसलं नाही.

पेनहेलबाई जल्लोषाला थांबल्या नाहीत. चहाच्या खोलीतून कागदात गुंडाळलेला बन घेऊन त्या अंगणात आल्या. ॲम्ब्युलन्सचं दार उघडं होतं.

"दोन मतांनी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी नसतो आलो, तरी चाललं असतं."

"एकाने. डोनलला झोप लागली नसती."

कर्नलनी बन हातात घेतला, मुलीकडे पाहिलं. मुलगी नाही म्हणाली. त्यांनी अर्धा मोडून पेनहेलबाईंना दिला आणि उरलेला उशाशी ठेवला.

"अजून तीन आठवडे मला घरी बसवणार आहेत," ते म्हणाले. "मंगळवारी मासेमारीच्या हद्दीचं विधेयक आहे. जोडी लावतेस?"

पेनहेलबाईंनी हात पुढे केला आणि मग मध्येच थांबवला.

"आधी सांगा. तुम्ही कुठल्या बाजूला?"

"तुझ्या विरुद्ध," कर्नल म्हणाले. "नेहमीचंच."

तेव्हा त्यांनी हात धरला.